उपकेंद्रावर पाठवलेल्या मुलीला तयार कोण करणार?

एक तरुण परिचारिका काही महिन्यांपूर्वी माझ्या ऑफिसात आली. मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू होऊन तिला जेमतेम पाच महिने झाले होते. "जयभीम ताई" म्हणाली, हातातला कागद टेबलावर ठेवला आणि गप्प बसली. कागद म्हणजे कारणे दाखवा नोटीस. वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आदेश नसताना आपण गरोदर स्त्रीस इंजेक्शन दिले, सबब आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा, एवढाच मजकूर.

घडले होते ते असे. रात्री साडेअकराच्या सुमारास गावातली एक बाई उपकेंद्रावर आणली. पहिलटकरीण, आठवा महिना, वाटेतच झटके आलेले. रक्तदाब मोजला तर १७० वर १२०. उपकेंद्रात ही मुलगी आणि धावत आलेली आशाताई, बाकी कोणी नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना तीनदा फोन केला, लागला नाही. मग तिने बाईला कुशीवर वळवले, मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन दोन्ही बाजूंना पाच-पाच ग्रॅम दिले, १०८ बोलावली आणि गाडीत स्वतः बसून रुग्णालयापर्यंत गेली. आई वाचली. बाळ पोटातच गेले होते. चार दिवसांनी घरच्यांनी तक्रार केली की नर्सने सुई टोचली म्हणून बाळ गेले. तक्रार वर गेली आणि वरून नोटीस खाली आली.

मी तिला विचारले, हे इंजेक्शन द्यायचे तुला कोणी शिकवले? ती म्हणाली, "नर्सिंगला शिकवलं होतं. सहा महिन्यांच्या कोर्सलाही सांगितलं. पण ताई, मला तसा अधिकार आहे असं कुठं लिहिलंय, ते कुणी दाखवलं नाही."

तो अधिकार लिहिलेला आहे. एएनएम, एलएचव्ही आणि स्टाफ नर्स यांच्यासाठी केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१० साली प्रसूतीबाबतच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. गरोदरपणात झटके आलेल्या स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस जागेवरच देऊन मग पुढे पाठवावे, असे त्यात आहे. म्हणजे एएनएमलासुद्धा जे करायला सांगितले आहे तेच या मुलीने केले. तिने ते केले नसते तर उलट निष्काळजीपणाचा प्रश्न तिथे आला असता! त्या सूचनांची प्रत जोडून आम्ही खुलासा दिला आणि नोटीस दप्तरी दाखल झाली. मात्र दोन दिवस धडपडून वकिलाने मिळवलेला हा कागद त्या उपकेंद्राच्या भिंतीवर पहिल्या दिवसापासून का नव्हता, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

आता थोडी पार्श्वभूमी. १४ एप्रिल २०१८ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्यातल्या जांगला या गावी देशातील पहिल्या आरोग्यवर्धिनी केंद्राचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. देशभरात अशी दीड लाख केंद्रे करायची, असे ठरले. २०२३ साली त्यांचे नाव बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' केले. संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे. त्या कर्तव्याच्या इमारतीला मंदिर म्हणावे का, हा वाद मला आज घालायचा नाही. नाव काहीही असो, आत कोण बसले आहे ते पाहू.

सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा जुना निकष. महाराष्ट्रात अशी दहा हजारांवर उपकेंद्रे आहेत. पूर्वी तिथले काम मुख्यतः बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंब नियोजन एवढेच. नव्या योजनेत सेवा बारा प्रकारच्या झाल्या. रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग, डोळे, कान-नाक-घसा, दात, वृद्धांची व अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी, तातडीचे उपचार, मानसिक आजार, सगळेच आले. हे सांभाळायला उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. आयुर्वेद पदवीधरांबरोबरच नर्सिंग झालेल्या मुलींनाही ते खुले झाले. त्यासाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम निघाला. पुढे बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच तो भाग मिसळला, म्हणजे आता पदवी घेऊन बाहेर पडलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी थेट उपकेंद्राची प्रमुख होऊ शकते.

ही संधी आहे, यात शंका नाही. डॉक्टर खेड्यात जात नाहीत हे रडगाणे आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. परिचारिकेला केवळ डॉक्टरची मदतनीस न मानता स्वतंत्र जबाबदारी देणे, हे मला पटते. या मुलींत आपल्या समाजातल्या किती, याची नोंद माझ्याकडे नाही. पण शिबिरांत, कोर्टात आणि विहारात ज्या परिचारिका मला भेटतात त्यांत आपल्या वस्त्यांतल्या मुली मोठ्या संख्येने असतात. नर्सिंग हा घाणीचा, विटाळाचा धंदा म्हणून प्रस्थापितांच्या घरांनी कित्येक वर्षे नाक मुरडले, आणि मजुरी करणाऱ्या आईबापांनी कर्ज काढून मुलींना तिथेच शिकवले. शिष्यवृत्ती येईपर्यंत फीसाठी दागिना गहाण पडलेली घरे मी पाहिली आहेत. म्हणून उपकेंद्रावर जाणारी मुलगी किती तयार होऊन जाते, हा आपलाही प्रश्न आहे.

रुग्णालयातली नोकरी आणि उपकेंद्रातली नोकरी यांत फरक केवळ गाव आणि शहर एवढाच नाही. वॉर्डात जो येतो तो आधीच पेशंट झालेला असतो. त्याची फाइल असते, निदान असते, डॉक्टरने लिहिलेली ऑर्डर असते. परिचारिकेने ती ऑर्डर बिनचूक पाळायची. रात्री शंका आली तर शेजारच्या वॉर्डात सीनिअर सिस्टर असते. उपकेंद्रात सकाळी एक म्हातारा येतो आणि म्हणतो, "बाई, अंग मोडून आलंय." एवढेच. हा थकवा आहे, ताप आहे, हृदयाचे दुखणे आहे की सुनेने दोन दिवस जेवायला दिलेले नाही? कोणाला गोळी देऊन घरी पाठवायचे, कोणाला उद्या परत बोलवायचे आणि कोणासाठी आत्ताच्या आत्ता गाडी मागवायची, हे ओळखणे म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवा. हे कौशल्य वॉर्डात शिकायला मिळत नाही, कारण हा निवड करण्याचा टप्पा वॉर्डाच्या दाराबाहेरच संपलेला असतो.

दुसरे असे की उपकेंद्रातले निम्मे काम दुखत नसलेल्या माणसाचे आहे. रक्तदाबाचे निदान प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर करतो, गोळी तो सुरू करतो, पण महिन्यामागून महिने ती गोळी देत राहण्याचे आणि रक्तदाब मोजत राहण्याचे काम उपकेंद्राचे. बरे वाटायला लागले की माणूस गोळी सोडतो. रोजावर जाणारी बाई गोळीसाठी अर्धा दिवस मोडत नाही. ऊसतोडीला गेलेले जोडपे दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावातच नसते. मग त्याची औषधे किती दिवसांची द्यायची, कारखान्यावर गेल्यावर त्याने कुठे दाखवायचे? मिश्री लावणाऱ्या आजीच्या तोंडातला पांढरा चट्टा पाहायचा तर आजीने तोंड उघडले पाहिजे, आणि अनोळखी मुलीपुढे आजी ते सहजासहजी उघडत नाही.

बीडचे उदाहरण आपण विसरलेलो नाही. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे आले की त्या जिल्ह्यातल्या तेरा हजारांवर ऊसतोड महिलांची गर्भाशये काढलेली होती. त्यावर पुष्कळ लिहिले गेले, खासगी दवाखान्यांवर टीका झाली, ती योग्यच होती. पण या बायांचे दुखणे सुरू कुठून झाले? पाळीच्या तक्रारी, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे. पाण्याची सोय नाही, शौचालय नाही, बाळंतपणानंतर विसावा नाही. या तक्रारी सुरुवातीलाच ऐकून घेणारे, तपासणारे, साधे औषध देणारे आणि "पिशवी काढायची गरज नाही" असे ठामपणे सांगणारे माणूस गावात असते तर यातल्या कितीतरी जणी पुढच्या दारापर्यंत गेल्याच नसत्या. ते माणूस म्हणजे उपकेंद्रातली परिचारिका. तिला हे बोलणे आले पाहिजे. विवाहित बाईला नवऱ्याच्या देखत काय विचारायचे नाही, हेसुद्धा तिला आले पाहिजे. पुस्तकातला संवादकौशल्याचा धडा वाचून ते येत नाही.

माझी मावशी १९८० च्या दशकात एएनएम झाली. तेव्हा तो कोर्स दीड वर्षाचा होता. आजच्या मुलींपेक्षा तिचे शिक्षण कितीतरी कमी. पण तिच्या केंद्राला एक वयस्कर एलएचव्ही होत्या, त्यांनी मावशीला पहिले तीन महिने सोबत घेऊन गावोगाव फिरवले. दार कसे वाजवायचे, सासूशी आधी बोलायचे की सुनेशी, बाळंतपण अडले तर किती वेळ थांबायचे आणि कोणत्या क्षणी बैलगाडी जुंपायला सांगायचे, हे सगळे मावशी त्यांच्याकडून शिकली. त्या बाई मराठा होत्या, आणि जेवायच्या वेळी मावशीला आपल्या डब्यातली भाकरी द्यायच्या. गाव मात्र गावच होते. मध्यरात्री मावशीला कंदील घेऊन बोलवायला यायचे, तिच्या हातून पोर जन्माला यायचे, आणि सकाळी तिने पाणी मागितले की तांब्या वरून ओतला जायचा. मावशी हसत सांगायची, "पोराला हात लावलेला चालतो, तांब्याला नाही."

आज तांब्या तसा कोणी ओतत नसेल. आज नव्या मुलीला पहिल्याच दिवशी आडनाव विचारतात. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतात, मग "गावात घर कोणत्या बाजूला" हे विचारतात. भाड्याने खोली मिळताना अडचण येते. नोटीस आलेल्या त्या मुलीच्या प्रकरणात जात किती होती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पोटचे बाळ गेलेल्या घराला कोणावर तरी राग काढावासा वाटतो, तो कोणाही नर्सवर निघाला असता. पण तिला स्वतःला ते सांगता येत नव्हते, आणि माणूस जेव्हा सगळ्या गोष्टींचा अर्थ तसा लावत बसतो तेव्हा तो रात्री दार उघडायला कचरतो. प्रशिक्षणाच्या सहा महिन्यांत यावर एक तासही कोणी बोलले नव्हते.

आता कायद्याकडे येते, कारण तो माझा विषय. नव्या परिचारिकेला तीन-चार कायदे माहीत असणे तेवढेच गरजेचे आहे जेवढे रक्तदाबाचे यंत्र. पहिला, पोक्सो. पोट वाढलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी उपकेंद्रात येते, गळ्यात मंगळसूत्र असते, सोबत सासू असते. आपल्याकडच्या बालविवाहांचे प्रमाण पाहता हा प्रसंग दुर्मीळ नाही. २०१२ च्या या कायद्याच्या कलम १९ नुसार, अशी बाब माहीत झालेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे, आणि कळवले नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नर्सने कळवले तर गाव तिच्यावर उठते. न कळवले तर ती आरोपी. कळवले म्हणून ती मुलगी पुन्हा तपासणीला आलीच नाही तर दोन जीव धोक्यात. अशा वेळी एकट्या तेवीस वर्षांच्या परिचारिकेवर हा भार टाकून चालणार नाही. त्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवायचे, नोंदवहीत वेळ टाकायची, मुलीची तपासणी आणि लोहगोळ्या थांबवायच्या नाहीत, आणि पोलिसांत माहिती संस्थेमार्फत जाईल असे पाहायचे, एवढे तरी तिला आधी कोणी समजावून सांगितले पाहिजे.

दुसरा मुद्दा, औषधाचा. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये मधल्या स्तरावरील आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. प्राथमिक व प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधे त्यांनी स्वतंत्रपणे द्यावीत, इतर ठिकाणी डॉक्टरच्या देखरेखीखाली. पण त्या कलमात 'परिचारिका' हा शब्द नाही, 'आधुनिक वैद्यकशास्त्राशी संबंधित व्यक्ती' असा मोघम शब्दप्रयोग आहे. नर्सिंगसाठी १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ साली संसदेने नवा आयोग कायदा केला. या सगळ्यातून उपकेंद्रातल्या मुलीने काय घ्यायचे? तिला हवी असते एक यादी, वरिष्ठांच्या सहीची: ही औषधे तू स्वतः देऊ शकतेस, ही डॉक्टरने सुरू केल्यावर पुढे देऊ शकतेस, आणि या प्रसंगी हे इंजेक्शन द्यायलाच हवेस. ती सहीची यादी मागायची असते, हेच अनेकींना माहीत नाही.

तिसरा, स्वतःच्या रक्षणाचा. आरोग्यसेवेतील व्यक्तींवरील हिंसाचार रोखण्याचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा परिचारिकेलाही लागू आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि उपचारातील निष्काळजीपणासाठी फौजदारी गुन्हा लावायचा तर ती चूक ढोबळ, अक्षम्य अशी असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात वैद्यकीय व्यावसायिकांबाबत सांगितले आहे. या दोन गोष्टी माहीत असत्या तर ती मुलगी माझ्याकडे येण्याआधी तीन रात्री रडली नसती.

पगाराचे एका परिच्छेदात आटोपते, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. पद कंत्राटी. महाराष्ट्रात ठरावीक मानधन पंचवीस हजार आणि कामावर आधारित मोबदला जास्तीत जास्त पंधरा हजार. हा मोबदला पोर्टलवर भरलेल्या आकड्यांवर ठरतो. म्हणजे म्हातारीशी अर्धा तास बोलून तिला गोळी पटवून दिली तर त्याचा आकडा एक, आणि तेवढ्याच वेळात दहा जणांचे वजन-उंची भरले तर दहा. नवी मुलगी यातून काय शिकेल ते सांगायला नको. आरोग्य अभियानातल्या दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले. २०१८ नंतर आलेल्या या मुलींची तर अजून दहा वर्षेही भरलेली नाहीत.

शासनाकडे मागण्या करायच्या त्या आपण करूच. पहिले तीन महिने एका अनुभवी परिचारिकेसोबत काम, त्याशिवाय उपकेंद्राची एकटीवर जबाबदारी नको. रात्री लागणारा एक फोन नंबर, आणि तो न लागल्यास दुसरा. सहीची औषध-यादी. कारणे दाखवा नोटीस काढण्यापूर्वी जाणकार परिचारिकेचे मत. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

पण चळवळीने स्वतःलाही काही विचारावे. आपल्या विहारांतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची पुस्तके भिंतभर असतात, तलाठी-पोलीस भरतीचे मार्गदर्शन होते. नर्सिंग झालेल्या मुलीसाठी तिथे काय आहे? आपल्या वस्त्यांत सेवानिवृत्त सिस्टर, एलएचव्ही, मेट्रन राहतात. जयंतीच्या मंचावर त्यांचा शाल देऊन सत्कार होतो आणि त्या घरी जातात. त्यांच्या डोक्यात तीस-पस्तीस वर्षांची गावे आहेत. १० मार्चला आपण सावित्रीमाईंचे स्मरण करतो. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना प्लेग झाला आणि त्यातच त्या गेल्या, हे आपण दरवर्षी सांगतो. त्या दवाखान्यात त्यांच्यासोबत डॉक्टर असलेला मुलगा यशवंत होता, हे आपण कमी वेळा सांगतो.

आमच्या विहारात आम्ही गेल्या महिन्यात दोन निवृत्त सिस्टरांना आणि अकरा नव्या मुलींना एकत्र बसवले. भाषण ठेवले नाही. प्रत्येकीने आपल्याला आलेली सर्वांत वाईट रात्र सांगायची आणि जुन्या सिस्टरांनी त्यावर बोलायचे, एवढेच. दोन तासांचा कार्यक्रम साडेचार तास चालला. एका मुलीने विचारले, पेशंट माझ्या हातात गेला तर नोंदवहीत काय लिहायचे? सत्तरीतल्या सिस्टर म्हणाल्या, "जे केलंस ते, ज्या वेळेला केलंस ती वेळ, आणि कोणाला फोन केलास त्याचं नाव. मनात काय आलं ते लिहू नकोस, ते आम्हाला येऊन सांग."

नोटीस आलेल्या मुलीने मात्र राजीनामा दिला. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात ती आता आयसीयूत आहे, पगार उपकेंद्रापेक्षा कमी, पण शेजारी कोणीतरी असते, म्हणाली. मी तिला परत जा असे सांगितले नाही, तो माझा अधिकार नव्हे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या जागेवर नवी मुलगी रुजू झाली होती आणि तिने कुठून तरी हिचा नंबर मिळवला होता. "ताई, त्या सूचनेची प्रत तिला पाठवता का? आणि आशाताईंचं नाव सांगा तिला, त्या रात्री त्याच आल्या होत्या." मी प्रत पाठवली, सोबत कलम १९ चा मराठी मजकूर आणि जुन्या सिस्टरांचा नंबर.